घरगल्लीचे गणित

मुंबईच्या मराठीत ‘घरगल्ली’ असा एक शब्द आहे. कानाला तो आपुलकीचा वाटतो, पण गिरगावात किंवा लालबागला वाढलेल्या माणसाच्या नाकाला तो आधी आठवतो. दोन इमारती एकमेकींकडे कूस करून उभ्या असतात आणि त्यांच्यामध्ये दोन-तीन हात रुंदीची जी फट उरते, ती घरगल्ली. सांडपाण्याचे पाइप तिथे उतरतात, वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा तिथे साचतो, मांजरे आणि उंदीर यांचे पिढीजात वैर तिथेच चालते. दर पावसाळ्याआधी ती साफ झाल्याचे जाहीर होते आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ती साफ न झाल्याची बातमी येते.

जुन्या मुंबईतल्या घरांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. चाळीची गॅलरी, सामाईक नळ, उघडी दारे, गणपतीची आरास यांना मराठी वाङ्मयात मानाचे पान मिळाले. घरगल्लीला ते कधीच मिळाले नाही. मला मात्र गेली काही वर्षे जुने नकाशे आणि नियमांची पुस्तके चाळताना वारंवार असे वाटत आले, की अरुंद जागेवर एका कुटुंबाचे घर कसे आखावे हा प्रश्न मुंबईने ज्या ज्या रीतीने सोडवला, किंवा सोडून दिला, त्याचा इतिहास गॅलरीपेक्षा या फटीत अधिक सापडतो. घरात किती खोल्या बांधल्या हे विचारण्याआधी घराबाहेर किती जागा उघडी ठेवली आणि ती कोणी कोणाच्या वाट्याची ठेवली, हे विचारावे लागते.

मुळात गिरगावातल्या जागा अरुंद का? त्याचे उत्तर नावांतच आहे. आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, खेतवाडी. वाडी काय, भाट काय, दोन्ही शब्द बागायतीचे. गोव्याकडचा माणूस आजही नारळीच्या बागेला भाट म्हणतो. मुंबईच्या इंग्रजी कागदपत्रांत या बागांना ‘ओआर्ट’ म्हटलेले आढळते. पोर्तुगीज ‘ओर्ता’ या शब्दाचे ते इंग्रजी पोर. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ निघाले, त्या सुमारास कोट आणि बाहेरकोट भरून वस्ती या बागांत पसरत होती. बागेचा मालक जमीन विकताना किंवा भाड्याने देताना तिचे तुकडे पाडी. मधोमध एक पायवाट, आणि प्रत्येक घेणाऱ्याला त्या वाटेवर तोंड हवे. वाट लांबवली तर मालकाची जमीन वाया जाते. म्हणून वाट आखूड आणि तिला काटकोनात लांबलचक पट्ट्या, हा व्यवहार सगळ्यांना परवडणारा होता. पुढचे तोंड लहान, पोट खोल. आज मुंबईत ज्याला आपण अरुंद प्लॉट म्हणतो तो अशा रीतीने नारळीच्या बागेच्या हिशेबातून जन्माला आला. घर बांधणाऱ्याची आवडनिवड त्यात कुठेच नव्हती.

या पट्टीवर पहिल्या पिढीने घर कसे बसवले, हे पाहायला खोताची वाडी अजून थोडीफार शिल्लक आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून ही वाडी ओळखली जाते, आणि इथे त्यांच्याकडून जागा घेऊन राहणाऱ्यांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या घरांची ठेवण पाहण्यासारखी आहे. पुढे उघडा व्हरांडा, मागे अंगण, आणि वरच्या मजल्यावर जायला घराच्या बाहेरून काढलेला जिना. पर्यटकांच्या कॅमेऱ्याला हा जिना फार आवडतो आणि त्याला सरसकट ‘पोर्तुगीज शैली’ म्हटले जाते. शैली असेल, पण हातात टेप घेऊन पाहिले तर त्यामागे साधे गणितही दिसते. घराची आतली रुंदी बारा-पंधरा फूट असेल आणि जिना आत घेतला, तर तीन फूट रुंदी जिना खातो, उरलेल्या खोलीची बोळकांडी होते आणि घराचा मधला भाग काळोखात जातो. जिना बाहेर काढला की खोली चौकोनी राहते. शिवाय वरचा मजला स्वतंत्र होतो. लग्न झालेल्या मुलाला देता येतो, नाहीतर भाडेकरूला. घरमालकाचा संसार खाली आणि भाड्याचे उत्पन्न वर, ही मुंबईची जुनी तोड आहे, आणि बाहेरचा जिना तिचा अर्धा आधार.

दुसरी गोष्ट खोलीची, म्हणजे किती आत जायचे याची. पुढच्या खोलीला व्हरांड्याकडून उजेड मिळतो, मागच्या खोलीला अंगणाकडून. घर दोन खोल्या खोल असेल तोवर प्रत्येक खोलीची एक भिंत आकाशाला लागलेली असते. तिसरी खोली मध्ये आली की ती आंधळी. कोकणातल्या घरात माजघर असतेच आणि ते काळोखेही असते. पण तिथे ते देवाला, धान्याला, बाळंतिणीला राखलेले असते, आणि दिवसभराचा वावर पडवीत, ओटीवर, मागीलदारी चालतो. गिरगावच्या पट्टीवर पडवी रस्त्यात येते आणि दोन्ही कुशींना शेजाऱ्याच्या भिंती. कोकणातले माजघर मुंबईत आणले, पण त्याच्याभोवतीचा उजेड गावीच राहिला. जुन्या वाडीतल्या चांगल्या घरांनी हा धोका ओळखून मागचे अंगण सोडले होते. त्यात विहीर असे, तुळस असे, धुणे असे, आणि त्यामुळे स्वयंपाकघराचा धूर बाहेर जाई.

हे अंगण टिकले नाही. मुंबईची वस्ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ होती, १८९१ मध्ये ती ८,२१,७६४ झाली. गिरण्या, गोदी, रेल्वे, सरकारी कचेऱ्या. माणसे येत राहिली आणि त्यांना राहायला खोली हवी होती. वाडीतल्या मालकाने आधी अंगणात पत्रे टाकले, मग अंगणावर मजला चढवला, मग जुने घर पाडून पट्टीच्या चारही हद्दींना भिडणारी चाळ उभी केली. चाळीची गॅलरी हा मुळात अरुंद जागेवरचा हुशार तोडगा आहे. खोल्यांची एक ओळ आणि तिच्यापुढे सलग सज्जा. म्हणजे प्रत्येक खोलीला किमान एक दार उजेडाकडे. केशवजी नाईकांच्या चाळीसारखी, दोन ओळींच्या मध्ये भरपूर मोकळी जागा राखलेली चाळ असेल तर हा तोडगा उत्तम चालतो. १८९३ साली तिथे सार्वजनिक गणपती बसू शकला याला लोकमान्यांची हाक कारण होतीच, पण गणपतीपुढे माणसे उभी राहतील अशी जागा तिथे होती हेही कारण होते. अठरा-वीस फुटी पट्टीवर मात्र गॅलरीच्या समोर शेजाऱ्याची भिंत येते. आणि दोघांच्या मध्ये उरते ती घरगल्ली.

तिचे मूळ काम काय होते हे लिहायला आपला हात अडखळतो. टोपलीचे संडास असताना मैला याच फटीत खाली पडे आणि तो उचलणारी माणसे याच फटीतून येत-जात. ‘हलालखोर’ हा त्यांच्यासाठीचा शब्द महापालिकेच्या करांच्या यादीतही होता. उच्चवर्णीय घराच्या दाराशी ज्याची सावली नको, त्याच्यासाठी घराच्या पाठीमागून वेगळी वाट, म्हणजे घरगल्ली. परिणाम असा झाला, की घराला जी एकमेव बाजूची खिडकी शक्य होती तीच दुर्गंधीवर उघडू लागली. लोकांनी ती बंद केली, फळ्या ठोकल्या, कपाट लावले. मधल्या खोल्या आंधळ्या राहिल्या यात अरुंद जागेचा जितका दोष आहे तितकाच त्या फटीचा आपण जो उपयोग केला त्याचाही आहे. जातीने माणसांना वेगळे ठेवले हे आपण जाणतो. तिने मुंबईतल्या घराचा उजेडही खाल्ला, हे क्वचितच कोणी म्हणते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग निघाला. डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी त्याचे निदान केले आणि पुढची काही वर्षे शहर हादरत राहिले. रोग कसा पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. काळोख, ओल आणि कोंदट हवा यांत तो राहतो अशी समजूत होती, त्यामुळे सरकारी पथकांनी घरांची कौले काढून आत ऊन सोडले, भिंतींना चुना फासला, आणि कित्येक घरांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगवली. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे, समुद्राचा वारा शहराच्या पोटात न्यायचा, ही त्याची पहिली कल्पना. चौपाटीकडून डोंगरीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, आजचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, हे त्या कल्पनेचे अपत्य. प्लेगचा प्रसार उंदरांवरच्या पिसवांनी होतो हे पुढे सिद्ध झाले, आणि त्या संशोधनाचा मोठा भाग परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधल्या प्रयोगशाळेत, हाफकिन यांच्या संस्थेत झाला. म्हणजे ज्या कारणासाठी कौले काढली ते कारणच चुकीचे ठरले. काळोखाची भीती मात्र चुकीची नव्हती. क्षयाला ती लागू होती, आणि क्षय प्लेगपेक्षा जास्त मुक्काम करणारा पाहुणा होता.

हे ज्याने आकड्यांत मांडले तो माणूस म्हणजे ट्रस्टचा अध्यक्ष जे. पी. ऑर. १९१२ साली त्याने मुंबईतल्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिले. त्याचा गाभा एका कोनात सांगता येतो: साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या खिडकीसमोर जी भिंत असेल तिच्या माथ्यापासून खिडकीच्या तळापर्यंत रेघ ओढली तर तिने जमिनीशी केलेला कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा नको. कोनाचा आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. भूमितीत त्याचा अर्थ एवढाच, की समोरची भिंत जितकी उंच त्याच्या निम्मे तरी अंतर मोकळे हवे. तीस फुटी इमारतीसमोर पंधरा फूट.

हा कोन मुंबईचा नव्हे. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घराच्या मागच्या मोकळ्या जागेसाठी तो आधीच होता. लंडनला डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर असतो, मुंबईला तो त्याच दिवशी सत्तेचाळीस अंशांच्या आसपास. त्यामुळे लंडनचे माप इथे आणल्यावर उजेड तिथल्यापेक्षा खूपच जास्त पदरात पडतो, हे खरे. पण मुंबईच्या घराला चार महिने पाऊस अडवायचा असतो आणि दोन महिने ऊन, ते या कोनाला ठाऊक नव्हते. वाडीतल्या घराचा खोल व्हरांडा आणि उतरते कौलारू छप्पर हे दोन्ही जाणत होते. ऑरचा नियम मला तरीही मोलाचा वाटतो. घराचा विचार करताना पहिल्यांदाच कोणीतरी भिंतींच्या ऐवजी मधल्या पोकळीला माप लावले.

आता हे माप आपल्या गिरगावच्या पट्टीवर लावून पाहू. समजा जागा अठरा फूट रुंद आणि साठ फूट खोल आहे. म्हणजे एकशेवीस चौरस वार. तळमजला आणि वर एक, मिळून वीस फूट उंची. मधल्या खोल्यांना बाजूने उजेड हवा असेल तर त्या बाजूला दहा फूट मोकळे सोडायला हवेत. अठरातून दहा गेले, आठ उरले. दीड-दीड फुटी विटांच्या भिंती वजा करा, आत पाच फूट. पाच फुटांत खाट आडवी पडणार नाही. बाजूचा नाद सोडला आणि फक्त पुढून व मागून उजेड घ्यायचा ठरवला, तर घर दोन खोल्याच खोल ठेवावे लागते. साठांपैकी जवळजवळ अर्धी जमीन उघडी राहते, आणि गिरगावच्या भावाने विकत घेतलेली जमीन उघडी ठेवणारा मालक विरळा.

तिसरा मार्ग आहे. माझ्या पाच फुटांना शेजाऱ्याने आपले पाच फूट जोडले तर मध्ये दहा फुटांची मोकळी जागा दोघांची होते. दुसऱ्या बाजूची भिंत दोन घरांत सामाईक. मग माझे घर बाहेरून तेरा फूट आणि आतून दहा फूट रुंद होते, साठ फूट खोलवर प्रत्येक खोलीला खिडकी मिळते, आणि घरगल्लीच्या जागी अंगण येते. गणित सुटते. अट एकच: शेजारी कबूल हवा, आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगाही. अरुंद जागेवरचे चांगले घर एकट्याला बांधता येत नाही, असा या सगळ्या हिशेबाचा निष्कर्ष आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांत मुंबईत जे झाले ते तो शेजारी कुठून आणायचा याचीच कहाणी आहे.

पहिले उत्तर गावदेवीत मिळाले. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. गृहनिर्माण सहकाराच्या इतिहासात ती देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी मानली जाते. कारवार-मंगळुराकडून आलेली, पगारदार, मध्यमवर्गीय सारस्वत कुटुंबे. स्वतंत्र बंगला परवडत नव्हता, चाळीत राहणे नको होते. त्यांनी जमीन एकत्र घेतली, इमारतींमधली मोकळी जागा सर्वांची केली आणि प्रत्येक कुटुंबाला आपापले दार, आपले स्वयंपाकघर, आपली न्हाणी असलेला ‘ब्लॉक’ दिला. एका जातीने एकत्र यावे ही त्यातली मर्यादा होती आणि त्या काळातले बळही. अनोळखी माणसावर विश्वास टाकून कोणी आपले पाच फूट सोडत नाही; ज्ञातिबांधवावर टाकला. सहकाराच्या अनेक उदात्त व्याख्यांत हे सहसा येत नाही.

ब्लॉक आला तशी एक नवी पंचाईत आली. संडास घरात. चाळीत तो गॅलरीच्या टोकाला होता आणि तिथेच असावा असे कर्मठांना वाटे. एकाच छपराखाली देवघर, स्वयंपाकघर आणि संडास ही कल्पना पचायला दोन पिढ्या गेल्या. आराखडे काढणाऱ्यांनी तडजोड केली: संडास ब्लॉकच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघरापासून शक्य तितका दूर, आणि सफाई कामगाराला थेट तिथे पोचता यावे म्हणून इमारतीच्या पाठीमागे लोखंडी चक्री जिना. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या मागे हे गंजलेले जिने अजून दिसतात. फ्लश आले, भुयारी गटारे आली, तरी जिना आला तो आलाच. घरगल्ली आडवी होती, ती उभी झाली. (याच मोऱ्या-न्हाण्यांनी इंजिनियरांच्या शब्दकोशाला एक मराठी देणगीही दिली: ‘न्हाणी ट्रॅप’ किंवा ‘नहाणी ट्रॅप’ हा शब्द आज देशभरचे प्लंबर वापरतात.)

दुसरे उत्तर खुद्द ट्रस्टने दिले, दादर-माटुंग्याच्या योजनांत. इथे जमीन आधीच मोकळी होती, त्यामुळे पट्ट्यांऐवजी अंगभर रुंद प्लॉट पाडता आले, आणि प्रत्येकाने चहूबाजूंनी किती जागा सोडायची हे भाडेपट्ट्यातच लिहिता आले. शेजाऱ्याची मनधरणी करायची गरज नाही. त्याचे पाच फूट करारात बांधलेले. सुरुवातीला तिथे बागेसकट टुमदार बंगले येतील अशी कल्पना होती. आली ती तळमजला आणि वर दोन मजले अशी ब्लॉकची घरे, कारण जमिनीचा भाव भाडेकरूंशिवाय फिटत नव्हता. निखिल राव यांनी दादर-माटुंग्याच्या इतिहासावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाला ‘हाऊस, बट नो गार्डन’ (२०१३) असे नाव दिले आहे, ते फार नेमके आहे.

गिरणगावाला यातले काहीच मिळाले नाही. परळ-लालबागच्या कामगाराला मुंबईत प्लॉट नव्हताच. त्याचे घर रत्नागिरीला किंवा साताऱ्याला, इथे फक्त खोली, आणि तीही पुष्कळदा पाळीपाळीने झोपायची. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. काँक्रीटच्या, तळमजला आणि वर तीन, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. दोन चाळींच्या मध्ये मात्र भरपूर मैदान सोडलेले. या चाळींना सरकारी कोंडवाडे म्हणून त्या काळी खूप नावे ठेवली गेली, आणि खोल्यांच्या बाबतीत ती योग्यच होती. पण मधल्या मैदानांनी तिथल्या माणसांना सभा, व्यायामशाळा, कबड्डी, जयंत्या असे दुसरे घर दिले. खोली कंजूष आणि पोकळी उदार, असा हा उलटा नमुना.

या सगळ्यांच्या मधोमध मला एका घराची गोष्ट दिसते, आणि तिच्यात दोन्ही टोके एकत्र येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे परळला, पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. एक संसाराला, एक अभ्यासाला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, महाडचा संग्राम, गोलमेज परिषदेची तयारी, हे सारे त्या पत्त्यावरून झाले. पुस्तके वाढत गेली आणि खोली वाढेना. १९३० च्या सुमारास त्यांनी हिंदू कॉलनीत प्लॉट घेतले. तीही ट्रस्टनेच आखलेली वसाहत. ज्या संस्थेच्या चाळीत ते भाडेकरू होते, तिच्याच नकाशावर त्यांनी आपले घर काढले.

‘राजगृह’ १९३१ ते १९३३ या काळात उभे राहिले, बँकेचे कर्ज काढून. त्याच्या आखणीत बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातले. तळमजल्यावर तीन-तीन खोल्यांची दोन बिऱ्हाडे, कुटुंबासाठी. आणि सर्वांत वरचा मजला ग्रंथालय व कचेरी यांसाठी. हा आराखडा वाचताना मला नेहमी खोताच्या वाडीतल्या घराची आठवण होते. संसार खाली आणि वरचा मजला स्वतंत्र, ही तीच तोड. फरक एवढाच, की वाडीतल्या मालकाने वरचा मजला भाडेकरूला दिला, इथे तो पुस्तकांना दिला. उजेडाच्या हिशेबाने पाहा: तीन मजली घरात सर्वांत निर्मळ उजेड आणि वारा माथ्यावर असतो, तिथे शेजाऱ्याची भिंत पोचत नाही. घरातली ही सर्वांत मोलाची जागा त्यांनी वाचण्यासाठी राखली. भाड्याचा हिशेब त्यांनी दुसऱ्या प्लॉटवर ठेवला होता. हिंदू कॉलनीतच ‘चार मिनार’ ही इमारत त्यांनी भाड्यासाठी बांधली. १९४१ मध्ये ती विकावी लागली, कर्ज आणि ग्रंथखरेदी यांच्यापायी.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. गावदेवीला शेजारी मिळाला तो जातीमुळे. ज्याला जात शेजार देणार नव्हती, त्याच्यासाठी कराराने बांधलेली मोकळी जागा हाच एक मार्ग होता. हिंदू कॉलनीतल्या प्लॉटभोवतीचे ते काही फूट कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. घराला ‘राजगृह’ हे मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव देणाऱ्या माणसाला या काही फुटांचा अर्थ आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळत असणार. रमाबाईंना या घरात फार दिवस लाभले नाहीत; २७ मे १९३५ रोजी त्यांचे इथेच निधन झाले.

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना तो कायदा हवाच होता, पण वाडीतल्या मालकाला डागडुजीचा खर्च भाड्यातून निघेनासा झाला, आणि तुळया कुजू लागल्या. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले. त्यानंतर आला पुनर्विकास: रहिवाशांना मोफत घर, बिल्डरला जादा चटईक्षेत्र. खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्ट घरे होती असे सांगतात, आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर चाळीस मजली इमारतींत मिळते आहे, आणि ज्याने दहा बाय सोळाच्या खोलीत तीन पिढ्या काढल्या त्याच्यासमोर या आकड्याची थट्टा करण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही.

पण गिरगाव-लालबागच्या अठरा-वीस फुटी जागांवर काय होते ते पाहिले पाहिजे. दोन-चार पट्ट्या एकत्र करून उंच इमारत उभी राहते. प्लॉट लहान, रहिवासी जास्त, म्हणून बाजूच्या मोकळ्या जागेत नियमांतच सवलत मिळते. ऑरचे माप लावायचे म्हटले तर चाळीस मजले म्हणजे साधारण एकशेवीस मीटर, आणि समोर साठ मीटर उघडे हवेत. साठ मीटर सोडायला गिरगावात वाडीच्या वाडी लागेल. आजच्या तज्ज्ञांना हा कोन कालबाह्य वाटतो. लिफ्ट आहे, विजेचे दिवे आहेत, एसी आहे. बाराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या इमारतीच्या पाइपांवर उघडते तेव्हा मात्र घरगल्लीच उंच झालेली असते. आता तिच्यात टोपल्यांऐवजी एसीची यंत्रे लोंबकळतात, आणि ती दुरुस्त करायला दोरीवर जो लोंबकळतो तो माणूस कुठल्या वस्तीतून येतो हेही विचारून पाहण्यासारखे आहे.

माझे काही मित्र सध्या अशा करारांवर सह्या करत आहेत. सोसायटीच्या सभेत चर्चा होते ती कार्पेट एरियाची, कॉर्पस फंडाची, पार्किंगची आणि तात्पुरत्या भाड्याची. आराखड्याच्या संचात घराच्या खोल्यांचे कागद सगळे मन लावून बघतात, सोफा कुठे बसेल ते पेन्सिलीने काढतात. पहिला कागद, ज्यावर संपूर्ण प्लॉट आणि शेजारच्या हद्दी दाखवलेल्या असतात, तो सहसा उलटला जातो. इमारतीच्या भिंतीपासून त्या हद्दीपर्यंतचे अंतर तिथे बारीक आकड्यांत, बाणांच्या दोन टोकांमध्ये लिहिलेले असते. शेजारच्या प्लॉटचा आराखडाही मागून घ्यावा आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. मग इमारतीची उंची दोनाने भागावी आणि दोन्ही संख्या शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात. पाचवी-सहावीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, आणि सही करण्याच्या आदल्या रात्री ते करायला फार तर पाच मिनिटे लागतात.